पिठीचं घमेलं

"ह्या पिठाची भाकरी जरा खाऊन बघता का?"

वर्षाराणीनं मान वर केली. गिरणीच्या दारात एक उंच, सावळा माणूस उभा होता आणि त्याच्या हातात, फडक्यात गुंडाळलेली, खरोखरच एक भाकरी होती. नाचणीची. छान फुगलेली, एका अंगानं खरपूस. मार्गासनीच्या या गिरणीत लोक गहू घेऊन येत, तांदूळ घेऊन येत, मिरच्या घेऊन येत, कधीकधी भांडणही घेऊन येत. पण दळलेल्या पिठाची भाकरी करून आजवर कुणी परत आणली नव्हती.

"माझी न्याहारी झालीय," ती म्हणाली.

"मग निस्ता वास घ्या."

तिनं भाकरी नाकाशी नेली. आधी चुलीचा धूर आला, मग नाचणीचा गोडसर वास आला, आणि त्या दोन्हींच्या मागून तो आला... ओळखीचा, नाकात जाऊन बसणारा. गेले काही आठवडे वर्षाराणी ज्याच्यावर बादल्याच्या बादल्या फिनेल ओतत होती, तोच. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"आईनं पैली भाकरी तव्यावर टाकली आन् घरातली समदी मानसं अंगनात," तो सांगत होता. "आमचा म्हातारा कुत्रा दाराशी झोपलेला आसतो, कदी उठत न्हाई. त्यो बी उठून गेला."

वर्षाराणी शिव्यांची वाट बघत होती. शिव्या काही येईनात. तिनं हळूच पाहिलं तर त्याचं तोंड अगदी गंभीर होतं आणि डोळे हसत होते, आणि डोळ्यांचं तोंडाला कळू नये म्हणून तो बिचारा फार खटपट करत होता.

हा सिद्धनाथ. पासलीचा. घरची भातशेती, आणि रोज सकाळी वरच्या गावांचं दूध पिकअपमध्ये भरून नसरापूरच्या शीतकरण केंद्रावर पोचवायचं काम. दुधाच्या कॅनबरोबर तो वरच्या वाड्यांची दळणंही आणी. गिरणीसमोर हॉर्न वाजवायचा, वर्षाराणीचे वडील, अण्णा, बाहेर जाऊन पोती उतरवून घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी तो पीठ उचलून न्यायचा. त्यामुळे तिच्या लेखी तो आजपर्यंत एक हॉर्न होता, त्यापलीकडे काही नाही. आज अण्णांचा गुडघा धरला होता म्हणून ते घरात पडून होते, नाहीतर ही भाकरी त्यांच्याच नाकाखाली गेली असती.

धान्य ओतायच्या हॉपरच्या मागून एक पांढरं मांजर अंग ताणत बाहेर आलं, दोघांच्या मधोमध बसलं आणि पंजा चाटू लागलं. सिद्धनाथनं त्याच्याकडे पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली. मांजराला भिणारा दिसतोय, वर्षाराणीला वाटलं.

"हीच का ती?"

"हीच. पिठी."

"पिठी," तो म्हणाला, नवा सदरा अंगाला लावून बघावा तसं. "बरं हाय नाव."

"हे बघा, तुमचं दळण मी भरून देते. माझ्या घरच्या नाचणीचं. पण एवढं..." ती अडखळली. "अण्णांना सांगू नका. ते हिला पोत्यात घालून भोरच्या पुढं घाटात सोडून येतील. तसं बजावूनच ठेवलंय त्यांनी."

"न्हाई सांगत. पन मला एक कळलं पायजे."

"काय?"

"ती असं का करती?"

आता खरं सांगायचं तर याच एका प्रश्नानं वर्षाराणीची झोप उडवली होती. थंडीत ही पिठी गिरणीमागं कुठून तरी येऊन बसलेली सापडली. पंधरवड्यात तिनं उंदरांचा असा बंदोबस्त केला की कुरतडलेलं पोतं बघायला मिळेना. स्वभावानं शहाणी, अंगानं स्वच्छ. गार सकाळी मोटरच्या उबेला बसून वर्षाराणीकडे डोळे बारीक करून बघायची, तेव्हा तिला दिवसभराचा खडखडाट सोसायला बळ यायचं. मोबाईलवर बघून वर्षाराणीनं तिच्या मुतण्याच्या सोयीसाठी कोपऱ्यात एक घमेलं मांडलं, त्यात स्वच्छ माती घातली. पिठीनं त्या घमेल्यात एकदा पाय ठेवला, झटकला आणि सरळ जाऊन पोत्याच्या बुडाशी बसली. तेव्हापासून हेच. तेही सगळ्या पोत्यांशी नाही. गव्हाच्या थप्पीत एखाद्याच पोत्याला निवडून.

"मलाबी तेच कळत न्हाई," ती म्हणाली. आणि आपण इतके दिवस ही गोष्ट कुणाशीच बोललो नव्हतो, हे तिच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी सिद्धनाथ हॉर्न न वाजवता आत आला. खांद्यावर एक छोटं पोतं होतं.

"वाळू," तो म्हणाला. "नदीची. चाळून आनलीया."

"कशाला?"

"तुमची माती तिला टोचत आसंल."

पिठीनं वाळूचा वास घेतला, तिच्यात एक खड्डा उकरला, उकरलेला खड्डा नीट पाहिला आणि जाऊन पोत्याशी बसली. सिद्धनाथ हरला नाही. मग तांबडा मुरूम आला. मग भाताचं तूस आलं, ते पंख्याच्या वाऱ्यानं गिरणीभर उडालं आणि दोघं अर्धा तास केरसुणी घेऊन त्याच्या मागं धावत होती. मग वेल्ह्याच्या सुताराकडचा लाकडाचा भुस्सा आला. मग वरच्या धनगरवाड्यातल्या मेंढ्यांची कातरलेली लोकर आली. तिच्यावर पिठी मजेत झोपली, पण बाकीच्या कामाला पुन्हा पोत्याकडेच गेली.

जगातले लोक मुलीसाठी गजरा आणतात, फार तर पेढे आणतात. हा मनुष्य रोज नवी माती आणत होता, आणि वर्षाराणी त्याची वाट बघायला लागली होती. मातीची नव्हे. हे तिला कळायला थोडे दिवस लागले, आणि कळल्यावर ती स्वतःवरच चिडली. पण सकाळी दळण घालताना रस्त्याकडे कान लागायचे ते लागायचेच.

"तुमच्या भुवईला पीठ लागलंय," एकदा तो म्हणाला.

"गिरणीत आहे मी. मग काय हळद लागंल?"

यावर तो इतका लाजला की त्यानं भुश्शाचं पोतं उलटं धरलं आणि सगळा भुस्सा स्वतःच्या पायावर ओतला. आपण काय बोललो ते वर्षाराणीला तेव्हा उमगलं. मग तिनं उगाचच मोटर चालू केली. दळायला काही नव्हतं.

मग तिनं स्वतःच डोकं चालवलं. पोतं कुणाचं, धान्य कोणतं, हे ती बघायला लागली.

"नाचणीचा राग आसंल तिला," सिद्धनाथचं म्हणणं.

"मग खालच्या वरवे गावच्या नाचणीकडं ढुंकूनसुद्धा का बघत न्हाई? शेजारी ठेवली होती काल. बसली ती तुमच्याच पोत्याशी."

"म्हंजी राग माझ्यावर हाय."

"दिसतंय खरं तसं."

"आन् मालकिनीचा?"

वर्षाराणीनं चाळणी घेतली आणि चाळलेलंच पीठ पुन्हा चाळत बसली.

दुखणं तर नाही ना, म्हणून एक दिवस त्यांनी पिठीला टोपलीत घालून वेल्ह्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. पिकअपच्या पुढच्या बाकावर मधे टोपली, अलीकडे हा, पलीकडे ती. डोंगरांच्या उतारांवर राब भाजायला सुरुवात झाली होती. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, डहाळ्या, पालापाचोळा पसरून जमीन भाजून काढतात, त्याचा निळसर धूर खाचरांवर रेंगाळत होता. काच खाली होती. धुराचा वास आला तशी पिठी टोपलीत उठून उभी राहिली, नाक वर करून हुंगत राहिली, आणि वाकडं वळण आलं तशी टोपली घसरली. ती धरायला दोघांनी एकदमच हात घातला. टोपली सावरली गेली... हात मात्र लगेच निघाले नाहीत. पुढचं वळण येईपर्यंत रस्ता सरळ होता आणि दोघांनाही तो फार लवकर संपला असं वाटलं.

डॉक्टरांनी पिठीचं पोट दाबून पाहिलं, ताप पाहिला, लघवी तपासली. "मूतखडा नाही, दाह नाही. तब्येत उत्तम आहे," ते म्हणाले. "मांजर उगाच घाण करत नाही. तिला काहीतरी हवंय आणि ते तुमच्या घमेल्यात नाही. काय ते तुम्हालाच शोधावं लागेल."

शोधायला वेळ मात्र उरला नव्हता. वरच्या वाड्यांतल्या अजून दोन घरांत भाकऱ्या नासल्या आणि अशी गोष्ट काही लपत नाही. मार्गासनीच्या गिरणीतल्या पिठाला मांजराचा वास येतो, ही बातमी एसटीच्याही आधी गावोगाव पोचली. पुलापलीकडे नवी गिरणी निघाली होती, तिच्यापुढं रांग दिसायला लागली. सिद्धनाथच्या गाडीत दळणं येईनाशी झाली. गल्लीतल्या चंद्राबाई, ज्या वर्षाराणीच्या हातचं पीठ सोडून दुसरं पीठ तोंडाला लावत नसत, त्यासुद्धा एका सकाळी डोक्यावर डबा घेऊन मान खाली घालून पुलाकडे गेल्या.

ते बघून वर्षाराणीला रडू आलं. अण्णांचे गुडघे गेल्यावर पोरीच्या हातात गिरणी देऊन चालायची नाही, असं भावकीनं तोंडावर सांगितलं होतं. तिनं पट्टा बदलायला शिकून घेतलं, जात्याच्या दगडांना टाकी लावून धार काढायला शिकून घेतलं. कुणाला भाकरीला बारीक लागतं, कुणाला लाडवाला रवाळ, हे तिला पाठ झालं. ही गिरणी म्हणजे तिची अब्रू होती, आणि ती मांजराच्या पायी चालली होती.

"पाडव्याच्या दळणाला मानसं आली पायजेत," अण्णा संध्याकाळी म्हणाले. आता त्यांना सगळं कळलं होतं. "एकतर मांजर, न्हाईतर गिरणी. आता तूच बघ. मी काय म्हणायचं ते म्हणून झालं."

त्यांचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. तो चढला नव्हता. बोलता बोलता त्यांनी दाराशी पडलेलं एक रिकामं पोतं उचललं, कधीचं पासलीचं राहिलेलं, आणि अंगणात नेऊन झटकलं. करड्या रंगाची बारीक धूळ उडून फरशीवर बसली.

आणि पिठी आली. छपरावरून उडी मारून, शेपूट ताठ करून धावतच आली. त्या धुळीत तिनं पंजे फिरवले, गोल फिरली, पुन्हा पंजे फिरवले आणि डोळे मिटून बसली.

वर्षाराणी गुडघ्यावर बसली. पिठीचं उरकल्यावर तिनं शेजारची कोरडी धूळ चिमटीत घेऊन चोळली. पिठाहून हलकी. नाकाशी धरली.

"अण्णा, ही राख आहे."

"आसंल की. डोंगराकडं पोती राखेवरच ठेवत्यात. किडामुंगी लागत न्हाई."

ती उठली, घमेलं उचललं आणि चंद्राबाईंच्या घरी धावत गेली. त्यांच्याकडे अजून आंघोळीचं पाणी चुलीवर तापायचं. वर्षाराणीच्या घरी गॅस होता. त्यामुळे घरात काय, गिरणीत काय, राखेचा कण नव्हता. मिळेल तिथं ती मऊ राख शोधत पिठी पोत्यांच्या बुडाशी जात होती. चंद्राबाईंना काही विचारायचीही संधी न देता वर्षाराणी घमेलंभर राख घेऊन परत आली, कोपऱ्यात ठेवली आणि लांब जाऊन उभी राहिली. सकाळी पिठी उठली, घमेल्यात चढली, खड्डा केला, काम उरकलं, नीट बुजवलं आणि मोटरवर जाऊन झोपली. पुढचे दिवसही तसेच गेले. पोती कोरडी.

तिची खात्री पटली, त्या दिवशी सिद्धनाथ आला तेव्हा ती दारातच उभी होती. "सापडलं," ती म्हणाली, आणि सगळं एका दमात सांगितलं. त्यानं घमेलं पाहिलं, राख पाहिली, आणि आनंदानं खाली बसून हात पुढं केला.

"चिंगे, हुशार गं माझी बाय."

सुक्या बोंबलाशिवाय अण्णांकडेही न जाणारी पिठी तरातरा चालत गेली आणि जन्मभराची ओळख असल्यागत तिनं आपलं डोकं त्याच्या तळव्यात खुपसलं.

गिरणी बंद होती. इतकी शांतता होती की पिठीची घुरघुर ऐकू येत होती.

"चिंगी कोण?" वर्षाराणीनं विचारलं.

त्याचा हात थांबला. "हिला... चिंगी म्हनत हुतो आमी."

"आमी म्हंजे?"

तो उभा राहिला. मान वर केली नाही, पण खोटंही बोलला नाही. "ही आमच्या घरची. दुधाच्या कॅनला तोंड लावायची, म्हनून आई म्हनली, नसरापूरच्या बाजारात सोडून ये. म्या पोत्यात घालून आनली. हितं गाडी थांबवली तवा तुमी आत उंदरांवर वरडत हुता. म्या तुमाला लई दिवस बघत हुतो, गाडीतनं. वाटलं, हितं हिचं बी भलं हुईल आन् तुमचं बी. मागच्या दारी सोडली."

"आणि मला सांगितलं न्हाई."

"ती असं का करती ते मला खरंच ठाव न्हवतं. घरी मांजर कुठं जातं ते कोन बघतं? पन ती माझी हाय, हे ठाव हुतं. सांगितलं आसतं तर तुमी म्हनला आसता, घिऊन जा. मग मी कशाचं निमित्त करून हितं आलो आसतो?"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी हे शेवटचं वाक्य ऐकून वर्षाराणी चार दिवस हवेत चालली असती. आज तिच्या डोळ्यांसमोर मान खाली घालून पुलाकडे जाणाऱ्या चंद्राबाई आल्या.

"माझी गिऱ्हाईकं तुटत होती," ती म्हणाली. "लोक माझ्या पिठाला नाकं मुरडत होते. आणि तू मजेत माती वाहत होतास."

पहिल्यांदाच ती त्याला अरेतुरे बोलली. त्यानं नुसती मान हलवली. मग तिनं आवाज खाली आणला आणि म्हणाली, "उद्यापासून काही असंल तर अण्णांकडं द्या. तुमी आत येऊ नका." ती पुन्हा 'तुमी'वर आली, आणि ते त्याला जास्त लागलं. त्याच्या चेहऱ्यावर तिला ते स्पष्ट दिसलं. दिसूनही तिनं तोंड फिरवलं.

तो आत आला नाही. सकाळी पिकअप गिरणीवरून जायची आणि वर्षाराणी तेवढा वेळ मुद्दाम आतल्या खोलीत काहीतरी शोधायची. पिठी मात्र गाडीचा आवाज आला की दारात जाऊन बसायची. मांजराला माणसाचा राग धरता येत नाही, याचा वर्षाराणीला त्या दिवसांत फार हेवा वाटला. राग होता, तो खरा होता. पण त्याच्याखाली जे होतं तेही तितकंच खरं होतं. त्याचं पोतं उलटं धरणं तिला आठवायचं, टोपलीवरचा हात आठवायचा, आणि तळहात उगाच जड व्हायचा. आणि गिरणी तर रिकामीच होती. राखेची गोष्ट ती कुणाला आणि कशी सांगणार? आपल्या दुकानाची साक्ष आपणच दिली तर कोण धरतो?

पाडवा तोंडावर आला आणि एका सकाळी चंद्राबाई डोक्यावर डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. डबा खाली ठेवायच्या आधीच हसायला लागल्या.

"डाळ आनलीया गं. बेसनाला. बारीक दळ."

"पुलापलीकडं गर्दी आहे का?" वर्षाराणीनं जरा तिरकसच विचारलं.

"टोमने मार, मारून घे. आमी तरी काय करनार, लोक काय काय बोलत हुते. आता त्या पासलीच्या दूधवाल्यानंच सांगितलं समद्यांना."

"काय सांगितलं?"

चंद्राबाई पोत्यावर टेकल्या. त्यांचा भाऊ वरच्या वाडीत दूध घालत असे, त्याच्याकडून त्यांना साग्रसंगीत कळलं होतं. सिद्धनाथ ज्या ज्या गावात दूध गोळा करायला थांबतो, तिथं दूध मापायच्या आधी तो सगळ्यांसमोर उभा राहून सांगत होता. मांजर माझं. गिरणीमागं चोरून सोडलं ते मी. तुमच्या भाकऱ्या नासल्या त्या माझ्यापायी, मला काय बोलायचं ते बोला. गिरणीवालीनं एकटीनं त्याचं कारण शोधलं, घमेल्यात राख घालून बंदोबस्त केला, आणि आता तिथलं पीठ धुतल्या तांदळासारखं आहे. मी रोज खातो.

"लोकं हसली ना त्याला," चंद्राबाई म्हणाल्या. "पार वेल्ह्यापर्यंत त्याला आता बोका म्हनत्यात. गाडी आली की पोरं म्याव करत्यात. त्यो आपला मुकाट दूध मापतो. पन काय गं, तुझ्या गिरणीसाठी त्यो कशाला एवढं तोंड काळं करून घेतोय?"

वर्षाराणीला आधी हसू आलं. बोका या शब्दावर ती अगदी खळखळून हसली. मग हसता हसताच डोळे भरले, आणि चंद्राबाईंना वाटलं पीठ गेलं असेल डोळ्यांत.

त्या दिवसापासून दळणं आली. वरच्या वाड्यांची पोती पुन्हा पिकअपमधून उतरली, ती अण्णांनी उतरवून घेतली. पट्टा दिवसभर फिरत होता, डाळीचा वास रस्त्यापर्यंत जात होता आणि घमेलं कोपऱ्यात आपल्या जागी होतं. गिरणी वाचली. वर्षाराणीला हायसं वाटलं, मनापासून वाटलं. पण तिला तोही हवा होता. इतकं सरळ होतं ते. गिरणी सुरळीत झाल्यावर तर तिला तो जास्तच हवासा वाटायला लागला.

पाडवा झाला, गर्दी ओसरली. तिनं चांगली साडी नेसली आणि पिशवी उचलली.

"पासलीला जाऊन येते, अण्णा."

"राख आनायला?"

"न्हाई."

अण्णांनी मांडीवरच्या पिठीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वेल्ह्याला गाडी बदलावी लागती. परतीची चुकवू नको."

पासलीत उतरून तिनं विचारलं, तर एका म्हाताऱ्यानं हसत हसत वाट दाखवली. गावाच्या वरच्या अंगाला उतारावर राब रचून होत आला होता. एक ठेंगणी बाई वरची माती हातानं सारखी करत होती आणि सिद्धनाथ डोक्यावरचा पाल्याचा भारा खाली टाकत होता. तोंडाला आधी भाजलेल्या राबाची काजळी, केसात काटक्या. वर्षाराणीला बघून भारा हातातून सुटला आणि घरंगळत खालच्या बांधावर गेला.

"कोन गं तू?" त्याच्या आईनं विचारलं.

"मी मार्गासनीची. गिरणीची."

"म्हंजी आमची चिंगी तुझ्याकडं हाय? तरास दिती का अजून?"

"आता न्हाई देत. पण परतबी देनार न्हाई मी तिला."

सिद्धनाथ पुढं आला. हात पुसायला जागा शोधत होता, मिळेना. "राख पायजे व्हय?" त्यानं विचारलं. "हे भाजून झालं की पोतंभर घिऊन जा. म्या पोच करतो. आत येत न्हाई, दारात ठिवतो."

"राख भरपूर आहे घरी."

"मग?"

वारा उलटा फिरला आणि धूळ उडाली. तिनं डोळ्यांवर हात धरला, मग काढून घेतला. इथपर्यंत येताना एसटीत तिनं पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"मला तुमची सवय लागलीय," ती म्हणाली. "माती आणत होता तेव्हापासून. रागवले, कारण राग येन्यासारखंच होतं ते. अजूनबी थोडा आहे. पण लोकांपुढं उभं राहून तुमी माझी गिरणी सोडवलीत, आणि मी घरात बसून नुसतं... मला तुमी आवडता. एवढंच सांगायचं होतं. सांगितलं."

सिद्धनाथच्या आईचे हात मातीत थांबले होते आणि आपण काहीच ऐकलं नाही असं दाखवायला ती डोंगराकडे बघत होती.

"आईला घिऊन अण्णास्नी भेटायला येऊ?" शेवटी त्यानं विचारलं.

"या. पण आधीच सांगते, गिरणी मी सोडनार न्हाई. लग्न झालं तरी न्हाई. ते जमत नसंल तर आत्ताच सांगा, परतीची गाडी आहे मला."

त्यानं आईकडे पाहिलं. आई अजून डोंगराकडेच बघत होती. "माझ्याकडं काय बघतुयास?" ती तिकडेच बघत म्हणाली. "मला त्या पुलाच्या गिरणीचं पीठ आवडत न्हाई."

तेव्हा कुठं त्याच्या तोंडावर हसू आलं. काजळीतून दात एवढे पांढरे दिसले की वर्षाराणीलाही हसू आवरेना.

"नसरापूरला मी रोज जातोच," तो म्हणाला. "सकाळी जाताना तुमाला गिरणीवर उतरवीन."

"दळणासारखं?"

"व्हय."

"दळण तर दुसऱ्या दिवशी परत नेता तुमी."

"तुमाला त्याच दिवशी न्हेनार," सिद्धनाथ म्हणाला. "म्या येक रात्र बी ठिवायचो न्हाई."

त्याच्या आईनं यावर मोठ्यानं खाकरून घेतलं, कमरेची काडेपेटी काढली आणि पोराला बांधावरचा भारा आणायला पिटाळलं. मग वर्षाराणीला जवळ बोलावून वाऱ्याची दिशा दाखवली. वर्षाराणी पदर खोचून खाली वाकली आणि दोघींनी मिळून राब पेटवला.